चेहऱ्यावरचा उजेड

"काका, खिडकीकडे पाठ करून बसलात तर कॅमेऱ्याला नुसती काळी आकृती दिसणार," सलिल म्हणाला.

दीनानाथांनी मुकाट्याने खुर्ची फिरवली.

मेलबर्नच्या पॉइंट कुकला मुलाकडे येऊन त्यांना काही महिने झाले होते. त्याआधी सगळा जन्म सांगलीत गेला, रेडिओवर निवेदक म्हणून. शेजारचा सलिल नोकरी सांभाळून वीकेंडला लग्नांचे व्हिडिओ शूट करायचा, म्हणून आज त्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. लेकीची मुलगी चिन्मयी सिडनीला, गिरावीनमध्ये राहायची. तेरा वर्षांची. त्यांना तिच्यासाठी गोष्टी रेकॉर्ड करून पाठवायच्या होत्या. पहिली पाठवली, तर उत्तर आलं, "आजोबा, can't see your face."

"मग सरळ फोन करा की."

"हल्ली ती फोन घेत नाही."

सलिल हसला. "टीनएजर आहे काका. नो वरीज."

दीनानाथांनी खुर्ची आणखी जराशी सरकवली. त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?"

सलिलने छतातले दिवे आधी बंद केले. वरून पडणारा उजेड डोळ्यांखाली खड्डे पाडतो, नाकाची सावली ओठांवर टाकतो. मग खिडकीला पातळ पांढरा पडदा लावला. गालाच्या अंधाऱ्या बाजूला खुर्चीवर पांढरी चादर टाकली, म्हणजे उजेड तिच्यावरून उलटून तोंडावर येईल. चष्म्यात खिडकी चमकत होती, म्हणून काड्या कानांवर जराशा उचलायला सांगितल्या.

दीनानाथ एकेक गोष्ट नीट समजून घेत होते. एवढं मन लावून सलिलचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःच त्याच्या दारात आले. "आर्व्होला, म्हणजे दुपारनंतर, ऊन थेट आत येतं. आणि ढग आला की चेहरा विझतो. मधेच विझलेला नको."

मेलबर्नच्या आभाळाचा भरवसा कोण देणार? सलिलने आपला एलईडी दिवा आणून दिला, समोरून, डोळ्यांच्या किंचित वर लावला. फोनवर उजेड लॉक कसा करायचा तेही दाखवलं. सोबत छोटा माइकही आणला होता.

"हा राहू दे," दीनानाथ म्हणाले.

"काका, तुम्ही रेडिओचे! तुमच्या आवाजाला तर..."

"उजेड महत्त्वाचा."

रेकॉर्डिंग सुरू झालं. मिरजेतल्या एका माकडाने हेडमास्तरांची टोपी पळवली, ती गोष्ट. आवाज असा, की सलिल हातातला चहा विसरला. तेवढ्यात पलीकडच्या घरातल्याने लॉनमोवर सुरू केला. सलिलने थांबण्याची खूण केली. दीनानाथ थांबले नाहीत. भुवया उंचावत, गाल फुगवत, एकेक शब्द सुटा करत त्यांनी गोष्ट पुरी केली. मग व्हिडिओ तपासला. ओठांच्या कोपऱ्यात बारीक सावली होती. तेवढ्यासाठी त्यांनी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली.

त्यानंतर ते भेटले तेव्हा सलिलने त्यांना क्षणभर ओळखलंच नाही. कॉलेजपासून जपलेली भरघोस मिशी गायब होती.

"काका! हे काय?"

"सावली पाडत होती," ते वरच्या ओठावरून बोट फिरवत म्हणाले. "चिन्मयीचा मेसेज आला. Much better म्हणाली."

या वयात नातीच्या पसंतीसाठी एवढं! सलिलला त्यांचं फार कौतुक वाटलं. आपल्याला स्वतःच्या आईला साधा व्हिडिओ कॉल करायला जमत नाही, हेही आठवलं.

शाळेच्या सुट्टीत चिन्मयी आली. सलिल एका लग्नासाठी दिवा न्यायला गेला, तेव्हा दीनानाथ आत चहा टाकत होते आणि ती त्यांच्या खुर्चीत बसून पुस्तक वाचत होती.

स्टँड घडी करता करता तो म्हणाला, "तुझे आजोबा म्हणजे कमाल आहेत हं. तुझ्यासाठी किती खपतात! आणि त्यांचा आवाज म्हणजे... असा आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही."

उत्तर आलं नाही. हल्लीची मुलं, असं मनात म्हणत त्याने बॅगेची चेन ओढली आणि मान वर केली. तेव्हा कुठे तिचं त्याच्याकडे लक्ष गेलं.

"सॉरी काका, तुम्ही काही म्हणालात? माझ्याकडे बघून बोला ना, प्लीज. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून मला काहीच ऐकू येत नाही. ओठ दिसले तर कळतं."

सलिल तिच्यासमोर उजेडात येऊन बसला आणि आवाजाबद्दलचं तेच वाक्य सावकाश पुन्हा म्हणाला. चिन्मयी डोळे न हलवता त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघराकडे एकदा पाहून तिने हळूच विचारलं,

"म्हणजे आजोबांचा आवाज अजून तसाच आहे?"