गाडीला तीन प्रश्न

"तीनच प्रश्न विचारा, ताई. कायद्यानं गाडीला खोटं बोलता येत नाही," एजंट म्हणाला.

ऋजुतानं त्या जुन्या हायब्रिडला बॅटरीचं विचारलं.

"सहा वर्षं सहज जाईल," गाडी म्हणाली.

मागच्या सीटवर अप्पा डोळे मिटून बसले होते. त्यांच्या डायलिसिसच्या फेऱ्यांसाठीच तर गाडी हवी होती.

"आधीचे मालक कुठे जायचे?" ऋजुतानं दुसरा प्रश्न विचारला.

"डायलिसिसला. परतताना मी इंजिन बंद ठेवून बॅटरीवरच चालायचे, म्हणजे त्यांना झोप लागायची."

तिसरा प्रश्न अप्पांनीच विचारला, "मग का गं विकलं तुला?"

"बहिणीनं किडनी दिली त्यांना. आता सायकलवर फिरतात."

अप्पांनी डोळे उघडले.

"ऋजू, नारळ घेऊन ये."