सुकेसीची जीभ

बत्त्याचा घाव बसला आणि कवच फुटलं. सुकेसीने आतला काळाभोर गर नखाने उचलला, जिभेच्या टोकावर ठेवला आणि डोळे मिटले.

काहीच नाही. चुलीतला कोळसा ठेवला असता तरी एवढंच कळलं असतं.

तिने उगाच “हं” केलं आणि गर वाडग्यात टाकला. शेजारी टोपलीभर क्लुवाकच्या बिया अजून तशाच होत्या. मुखियाच्या मुलीचं लग्न होतं, चारशे माणूस जेवायचं होतं. रावोन, म्हणजे काळा मांसरस्सा, सुकेसीनेच करायचा, हे जावा बेटावरच्या प्रोबोलिंगोच्या त्या टोकाला कुणाला ठरवावंही लागत नसे. त्या रश्श्याला रंग आणि चव येते ती क्लुवाकच्या गराने. पण टोपलीत दहाबारा बिया कडू निघतातच. बाहेरून कळत नाही. एखादी जरी आत गेली तरी अख्खा हंडा वाया. म्हणून एकेक गर चाखावा लागतो.

बावीस दिवसांपूर्वी तिला ताप आला होता. ताप उतरला आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. “परत येईल,” डॉक्टर म्हणाला होता, “किंवा नाहीही येणार.” हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अशक्तपणाचं निमित्त करून आपली खाणावळ बंद ठेवली होती. लग्नाला मात्र नाही म्हणता आलं नाही.

“सुकेसी, आज गोगलगाय झालीस की काय?” पलीकडे खोबरं किसणारी तुकिनेम काकू ओरडली. “वऱ्हाड नातवंडं घेऊन यायचं जेवायला!”

अंगणातल्या बाया खिदळल्या. सुकेसीने बत्ता उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग तिची नजर कोपऱ्यात कांदे सोलणाऱ्या होस्नियाकडे गेली.

होस्निया तिची भावजय. मदुरा बेटावरची. अकरा वर्षं एका घरात राहून सुकेसीने तिला कधी हंड्याला हात लावू दिला नव्हता. मक्याच्या भातावर वाढलेलीला रश्श्यातलं काय कळतंय, असं ती चारचौघांत म्हणायची.

“ए होस्निया, इकडे ये,” सुकेसी मोठ्याने म्हणाली. “अकरा वर्षांत काही शिकलीस का, बघू तरी.”

बाया सरसावून बसल्या. होस्निया हात पुसत आली आणि पाटावर टेकली.

“चांगला,” पहिला गर चाखून ती म्हणाली. दुसराही चांगला. चौथ्याला तिने तोंड वाकडं केलं. “कडू.”

सुकेसी प्रत्येक गर आपल्याही जिभेला लावायची आणि मान डोलवायची. पण सारखी मान डोलवली तर परीक्षा कसली? तुकिनेम काकूचे डोळे तिच्यावरच होते. पुढच्या गराला होस्निया “चांगला” म्हणाली, तशी सुकेसी कडाडली, “चूक! कडू आहे हा!” आणि तिने तो राखेत भिरकावला.

बाया हसल्या. होस्नियाने राखेतल्या गराकडे पाहिलं. मग पुढची बी उचलायच्या निमित्ताने ती वाकली आणि हळूच म्हणाली, “वन्सं, तो चांगला होता. असे फेकत राहिलात तर रश्श्याला गर पुरायचा नाही.”

म्हणजे हिला कळलं होतं. आता ही सगळ्यांना सांगणार. अकरा वर्षांचं उट्टं काढायला हिला याहून चांगला दिवस मिळणार नव्हता.

होस्नियाने निमूटपणे बी फोडली, गर चाखला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “हा कसा म्हणू, वन्सं?” आणि मान किंचित हलवली. नाही.

“कडू,” सुकेसी म्हणाली.

“बरोबर! माझ्या लक्षातच नाही आलं.”

तुकिनेम काकू पुन्हा खोबऱ्याकडे वळली. सुकेसीने टोपली होस्नियापुढे सरकवली, वाडगाही सरकवला. “माझे हात भरून आले,” ती मोठ्याने म्हणाली. “तूच कर आता सगळं.”

बऱ्याच वेळाने तिने ओठ न हलवता विचारलं, “कधी कळलं तुला?”

“तुमचा ताप उतरला त्या दिवशी. तुम्हाला उठवत नव्हतं, म्हणून मी मासे केले होते. तुम्ही दोनदा मागून घेतलेत, नावं ठेवली नाहीत. मला इतका आनंद झाला, वन्सं... मग मी जेवायला बसले. मीठच घातलं नव्हतं मी.”