परागाचे दिवस

दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवला, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मग ती खिडक्यांकडे वळली. एकेक खिडकी ओढून घट्ट लावली आणि चौकटीवर ओलं बोट फिरवून पाहिलं. बोटाला पिवळी भुकटी लागली. तिने पुन्हा फडकं पिळलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं फुलली होती. उभ्या गाड्यांच्या टपांवर परागाचा थर साचला होता. दरवर्षी दोन महिने हे असंच चालायचं आणि दरवर्षी ती हात धुऊन त्याच्या मागे लागायची.

ती इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती, त्यामुळे स्वच्छता अंगात मुरलेली. या दिवसांत घरात केरसुणी बंद, कारण झाडलं की पराग उडतो. फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसायची. चादरी कढत पाण्यात धुवायच्या आणि घरातच वाळवायच्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो दुकानातून आला की बूट बाहेर, कपडे थेट मशीनमध्ये, डोक्यावरून अंघोळ, आणि मग लहान खोली.

लहान खोली म्हणजे मुलीची. सगळं घर जमत नसेल तर निदान एक खोली तरी शुद्ध ठेवा, असं तिने कुठल्याशा पत्रकात वाचलं होतं. त्या खोलीला एकच खिडकी होती. हवा शुद्ध करायचं यंत्र तिथेच ठेवलं होतं आणि ते कायम सर्वांत वरच्या वेगावर घरघरत असायचं. घड्याळजी तासभर दार लावून आत बसायचा. बाहेर यायचा तेव्हा डोळे लाल, आवाज जड.

"आज बाहेर जास्तच होतं वाटतं," ती म्हणायची.

"वारा होता," तो म्हणायचा.

यंदा तिची धाकटी बहीण आठवडाभरासाठी आली होती. ती जन्माची शिंकरी. स्टेशनपासून घरापर्यंत तिने शिंकून शिंकून रिक्षावाल्याला हैराण केलं. पण घरात आल्यावर दोन दिवसांत तिचं नाक मोकळं झालं, आणि त्याचंच तिला कोडं पडलं. ताईच्या घरात आपण बऱ्या होतो, मग भावजी त्या खोलीत चांगले जातात आणि बाहेर येताना बिघडून कसे येतात? यंत्रातच खोट असेल, असं तिचं म्हणणं. निदान वेग तरी कमी कर, कानठळ्या बसतात, असंही ती म्हणाली. ताईने तिला नुकतीच धुतलेली जाळी दाखवली आणि वेगाचं असू दे, त्यांना सवय आहे, म्हणून सांगितलं.

बहीण पुसायला लागली, तर ताईने फडकं सोडलं नाही. तुला कोपरे जमत नाहीत, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी घड्याळजी दुपारीच घरी आला. एका गिऱ्हाइकाचं, त्याच्या वडिलांच्या मनगटावरचं घड्याळ त्याच्याकडून बिघडलं होतं. भिंगातून बघताना डोळ्यांत पाणी आलं, चिमटा सरकला आणि केसाएवढी स्प्रिंग वाकली. तशी स्प्रिंग आता कुठे मिळत नाही. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुकानाचा मालक रागावला नाही. आधी डोळ्यांचं बघ, मग ये, एवढंच म्हणाला. हे सांगताना घड्याळजीची मान वर नव्हती.

बहिणीने तिथल्या तिथे तपासणीचा विषय काढला. नक्की कशाची ॲलर्जी आहे ते रक्तातून कळतं, औषधं आहेत, उगाच अंगावर का काढायचं? घड्याळजी म्हणाला, दोन महिन्यांत आपोआप जातं. ताईनेही त्याचीच री ओढली. पण बहीण ऐकेना. तिने स्वतःच दवाखान्यात वेळ घेतली आणि दुसऱ्या दिवशी भावजींना घेऊन गेली. रक्त घेतलं, छाती तपासली. चार दिवसांनी या, म्हणाले. तेवढ्यात बहिणीची सुट्टी संपली आणि ती गावी परतली.

रक्त दिल्यापासून पाचव्या दिवशी, कामावरून परतताना, ताई एकटीच दवाखान्याची पायरी चढली. डॉक्टरबाई प्रौढ होत्या. त्यांनी कागद पुढे ठेवला.

"यांना कसलीच ॲलर्जी नाही. परागाची नाही, धुळीची नाही, बुरशीची नाही."

ती साबणाने भेगाळलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग ती हळूहळू बोलायला लागली. अकरा वर्षांपूर्वी, झाडं अशीच फुललेली असताना, त्यांची मुलगी गेली. सतरा वर्षांची होती. तो सगळ्यांसमोर खंबीर उभा राहिला, आल्यागेल्यांचं केलं, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. पुढच्या वर्षी याच दिवसांत एकदा तो लाल डोळ्यांनी घरी आला आणि पराग गेला असेल, म्हणाला. तिने हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी घराच्या खिडक्या लावून घेतल्या.

"त्यांना माझ्यासमोरसुद्धा रडता येत नाही, डॉक्टर. ॲलर्जी आहे म्हटलं की निदान दार लावून बसता येतं. तुम्ही त्यांना ॲलर्जीच आहे म्हणून सांगा. तेवढं करा माझ्यासाठी."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काल ते येऊन गेले," त्या म्हणाल्या. "मी त्यांना खरं ते सांगितलं. तर तेही हेच मागायला लागले. म्हणाले, बायकोला ॲलर्जीच आहे म्हणून सांगा."

"का?"

"म्हणाले, मी निदान खोलीत जाऊन रडतो. ती अकरा वर्षांत एकदाही रडलेली नाही. या दिवसांत तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तर ती जगायची नाही."