थँक्यू कोनाले म्हनतात

गजेंद्रशी लग्न होऊन रागिणी पुण्याहून मोर्शीला आली. पहिल्याच दिवशी सासूनं, आशाबाईंनी, तिच्या हातात चहा दिला आणि ती सवयीनं म्हणाली, "थँक्यू, आई."

सासरे समोरच बसले होते. छत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या खुशालरावांना राहवलं नाही.

"पोरी, थँक्यू परक्याले म्हनतात. बसमधी कोनी जागा देल्ली, त्याले म्हन. बँकेत कोनी पेन देल्ला, त्याले म्हन. घरच्या मानसाले म्हटलं म्हंजे त्याले पाव्हना केलं. मी आशाले आजवर एकडाव नाई म्हटलं."

"नाईच म्हटलं," आशाबाई म्हणाल्या. ती तक्रार होती की कौतुक, हे रागिणीला कळलं नाही. पण घरात तो शब्द गिळायला ती शिकली.

त्याला चार वर्षं झाली. काल दुपारी ओसरीवर आशाबाईंनी रोजच्यासारखं संत्रं सोललं, बिया काढल्या आणि फोडी नवऱ्याच्या तळहातावर ठेवल्या. खुशालरावांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, अदबीनं हसले आणि म्हणाले, "थँक्यू."

"आई, ऐकलंत?" रागिणीनं टाळीच वाजवली. "शेवटी म्हणाले बाबा!"

आशाबाई हसल्या नाहीत. पदराला हात पुसत त्या उठल्या.

"गजेंद्रले फोन लाव. तुह्या सासऱ्याले अमरावतीले डॉक्टरकडे न्या लागते म्हन, आजच. त्याईनं मले थँक्यू म्हटलं."