अंगठा उमटेना

मशीनवर लाल दिवा लागला तेव्हा त्याला बरं वाटलं.

ठसे घेणाऱ्या बाईने अंगठा पुन्हा काचेवर ठेवायला सांगितला. पुन्हा लाल. तिने काच पुसली, त्याचा अंगठा हातात घेऊन उजेडात धरला आणि विचारलं, काम काय करता?

"फरशी बसवतो," तो म्हणाला. इथल्या भाषेतलं एवढं वाक्य त्याला बिनचूक येत होतं.

"तरीच. सिमेंटने रेषा खाल्ल्यात."

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको मांडीवर फाइल घट्ट धरून बसली होती. या देशात कायमचं राहायला मिळावं म्हणून केलेला अर्ज तिघांचा होता: तो, ती आणि आत्ता शाळेत असलेली मुलगी. त्यात एक प्रश्न होता. याआधी दुसऱ्या कुठल्या देशाचं परमिट मिळालं होतं का, मिळून रद्द झालं होतं का? त्याने 'नाही'वर खूण केली होती.

मिळालंही होतं आणि रद्दही झालं होतं, लग्नाआधी. परमिट एका मालकाकडेच काम करायचं, आणि मालकाने कामाला धाडलं भलत्याच साइटवर. धाड पडली. सगळ्यांच्या बोटांचे ठसे घेतले आणि विमानात बसवून दिलं. परवा बायकोच्या भावाने फोनवर सल्ला दिला होता, "दाजी, नवा पासपोर्ट कोरा आहे. तुम्हीपण कोरेच राहा." त्याचं काय जात होतं. तो आपल्या घरात पाय पसरून बोलत होता.

"हे ठसे तिकडच्यांशी ताडून बघतात का हो?" बायकोने आपल्या भाषेत विचारलं.

"हसत बोल. तिला वाटेल आपण गप्पा मारतोय."

ती हसली. म्हणजे दात दाखवले. "बघतात का?"

"बघतात म्हणे. पण उमटलेच नाहीत तर काय बघणार?"

"बोटं झिजू देत म्हणून नवस केलाय की काय?"

त्याने जवळजवळ केलाच होता.

बाईने ड्रॉवरमधून क्रीमची ट्यूब काढली. त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन ती एकेक बोट चोळू लागली, बाळाला तेल लावावं तसं. "घाबरू नका. माझ्याकडे गवंडी येतात, भांडी घासणाऱ्या बायका येतात. ठशांवाचून मी अजून कुणालाच परत पाठवलेलं नाही."

तिचा आवाज इतका मायेचा होता की त्याला दरदरून घाम फुटला.

हिरवा दिवा. "आला बघा," बाई म्हणाली. मग एकेक करत सगळीच बोटं आली. पडद्यावर रेषाच रेषा. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या बोटांना एवढ्या रेषा आहेत हे बायकोला ठाऊक नव्हतं.

बाईचं बोट अर्ज पुढे पाठवायच्या शेवटच्या बटणाकडे गेलं.

"अहो," बायको म्हणाली, "विचारा ना तिला."

"काय?"

"अर्जातलं बदलता येतं का."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिघांनाही घालवतील. पोरगी आता भांडतेसुद्धा इथल्या भाषेत."

"आणि नाही विचारलं तर? बेल वाजली की मी आधी तुमच्या तोंडाकडे बघायचं? जन्मभर?"

आता ती हसायचंही विसरली होती. बाई एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत थांबली होती.

त्याने विचारलं. शब्द मोडकेतोडके होते, पण बाईला कळले. तिने बटणावरून बोट मागे घेतलं. आवाज तोच राहिला, माया तेवढी निघून गेली.

"दुरुस्ती माझ्याकडे होत नाही. आतले साहेब बोलावतील. आधी 'नाही' का लिहिलं, ते विचारतील. तिथे बसा."

भिंतीलगतच्या खुर्च्यांवर दोघं जाऊन बसली. त्याची बोटं अजून चिकट होती. ती कुठे टेकवावीत हे न कळून त्याने हात गुडघ्यांवर उताणे ठेवले.

"काय सांगू?"

"खरं ते."

"ते कळलं गं. सुरुवात कुठून करू?"

तिने त्याची कॉलर सारखी केली. थोडा विचार केला.

"मालकापासून करा. माझ्या भावाला मध्ये आणू नका."

त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि तेवढ्यात आतलं दार उघडलं. कुणीतरी त्याचं नाव पुकारलं, नेहमीसारखंच चुकीचं, अडखळत.

एकट्याचंच पुकारलं होतं. उठली दोघंही.