पुस्तकातली सवत

"आधी हिचं नाक खरवडून काढ," म्हणत योसिनानं प्रार्थनेचं पुस्तक मेजावर आपटलं. "नाक आहे की गाजर!"

ब्रूज शहरात अशी पुस्तकं रंगवून देणारी बेटकिन पानावर वाकली. सोन्याच्या वेलबुट्टीत मेरीमाता, आणि तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेली एक बाई. अंगात निळा झगा, पायाशी कुत्रं. ही अद्रियाना, योसिनाच्या नवऱ्याची पहिली बायको. ती मातीत गेली आणि तिचा नवरा, तिचं घर, तिच्या किल्ल्या योसिनाकडे आल्या. पुस्तक तेवढं सासूनं आजवर उराशी धरलं होतं.

"तोंड माझं काढ. आणि कोपऱ्यात तिच्या बापाच्या घराण्याचं चिन्ह आहे ना, त्यावर माझ्या माहेरचं चढव."

"झगा?"

"झगा राहू दे. निळा रंग महाग असतो म्हणे. नाहीतरी त्या काठीला कुठे शोभत होता?"

"कुत्रं?"

"ते पहिलं घालव. मेलं अजून जिवंत आहे, मला बघितलं की भुंकतं."

बेटकिन गालातल्या गालात हसली. योसिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. बोटं रंगानं बरबटलेली, डोक्यावरचं फडकं विटलेलं, आणि ही आपल्याला हसणार!

"आणि ही दोघं?" बेटकिननं विचारलं.

निळ्या झग्यामागे दोन चिमुकली लेकरं हात जोडून बसली होती. जोडलेल्या हातांत एकेक लाल क्रूस.

"मेलेली पोरं!" योसिनानं नाक मुरडलं. "म्हणून तर हातात क्रूस दिलेत. दोन काढली, दोन्ही पाळण्यातच गेली. बाईला तेही धड जमलं नाही. तरी माझी सासू ऊठसूट तिचेच गोडवे गाते. म्हणते, तिची कूस निदान उजवली तरी!"

बोलून गेली आणि तिला स्वतःचाच राग आला. या रंगारणीला हे सांगायची काय गरज होती? नवस झाले, कडू काढे झाले, दाया येऊन पोट चाचपून गेल्या. घरातला पाळणा माळ्यावरून खाली आला नव्हता तो नव्हताच.

"मग यांनाही खरवडते," बेटकिन म्हणाली आणि तिनं चाकू उचलला. धाकट्याच्या गालाला पातं टेकलं.

"थांब!"

योसिनाचा हात पानावर पडला होता. बेटकिननं चाकू मागे घेतला.

"पोरं राहू देत."

"तुमच्या मागं? अद्रियानाबाईंची मेलेली पोरं?" बेटकिननं तोंड वेंगाडलं. "लोक हसतील, बाईसाहेब."

"हसू देत." योसिनानं पानावरून हात काढला नाही. "त्यांच्या हातातले क्रूस तेवढे पुसून टाक."