टोपीशिवाय सलाम

लकव्यानं उजवा हात गेला तेव्हापासून सून साक्षी मला भरवते. सुभेदार आकारामला, तान्ह्या पोरासारखं! घास गिळताना माझी मान वर होत नाही.

रहिमतपूरहून फिजिओथेरपीवाली नूरीन येते. हाताला पट्ट्या चिकटवून मशीननं करंट देते. "काका, मी करंट दिला की तुमी मनात घास तोंडाकडं न्या. हात हळूहळू शिकंल."

आज हात उठला. तोंड ओलांडून थेट कपाळाशी गेला. ताठ सलाम!

समोर कुणीच नव्हतं. एक खुर्ची, तिच्यावर नूरीनची पर्स. आणि मी उघड्या डोक्यानं, लुंगीवर. फौजेत टोपीशिवाय सलाम करत नाहीत. लाजेनं माझे कान तापले.

नूरीननं मशीन बंद केलं, पट्ट्या काढल्या. हात तसाच. साक्षीनं ओढून पाहिला, तरी हलेना. साहेबानं सलाम घेतल्याशिवाय आपला हात खाली घ्यायचा नसतो.

"साक्षी, माझी टोपी आण," मी पुटपुटलो.

तिनं ती माझ्या डोक्यावर ठेवली. क्षणभरानं हात आपोआप खाली आला.

नूरीननं खुर्चीवरची पर्स हळूच उचलली, तिथं बसलेल्या कुणाला धक्का लागू नये अशी.